प्लॅस्टिकवर पेपर

"पेपर टाका आधी. पूजा व्हायची आहे अजून."

बाईसाहेब हे मला बोलल्या नाहीत. शोरूमच्या माणसाला बोलल्या. त्याने टेबलावरचा पेपर उचलला, दोन पानं सुटी केली आणि नव्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर पसरली. सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. प्लॅस्टिकवर पेपर. त्याच्यावर मी.

गाडी माझ्या नावावर होती. हे नीट ध्यानात घ्या. अर्जावर माझं नाव. नंबर लागल्याचं पत्र आलं ते माझ्या नावाने. आणि माझ्या नावाच्या गाडीत माझा पार्श्वभाग प्लॅस्टिकला लागू नये म्हणून पेपर.

मी बसलो. लपवत नाही. निमूट बसलो.

साहेबांचा मुलगा खिडकीत वाकून म्हणाला, "इंजिन चालू करू नको हां. नुसता बस, बघितल्यासारखं कर, मग आत जाऊन सही कर."

आठ वर्षं मी या माणसाला शाळेत सोडला, कॉलेजला सोडला, मढच्या बंगल्यावर पार्टीला सोडला आणि ओकाऱ्या काढताना धरून परत आणला. आणि मी किल्ली फिरवायची नाही. का, तर पहिल्यांदा किल्ली घरच्या माणसाने फिरवायची. शुभ असतं म्हणे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची, चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी मुलुंडला एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होतो. बंगल्याच्या मागे गॅरेज, गॅरेजच्या माथ्यावर आमची खोली. मी, बायको, मुलगी. माझ्या आधीच्या ड्रायव्हरचं नाव रामू होतं. म्हणून मी पण रामू. "आम्हाला सवय झालीय त्या नावाची," बाईसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी हसलो होतो. नोकरी पक्की झाली होती ना, मग कशाला तोंड उघडा.

मग ती नवी गाडी बाजारात यायची बातमी आली. पाच गिअर, जपानी इंजिन. आमची जुनी गाडी घाट चढताना धापा टाकायची, आणि ही म्हणे तिसऱ्या गिअरमध्ये घाट खाऊन टाकते. साहेबांच्या मुलाला वेड लागलं. वेड मलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू. तिचं चकचकीत माहितीपत्रक त्याने वाचून टाकून दिलं ते मी उचलून खोलीवर नेलं. किती सेकंदांत किती वेग, सगळं पाठ. बायको म्हणायची, "गाडी त्यांची, आणि पाठांतर तुमचं."

पण गाड्या कमी, गिऱ्हाईक जास्त. शोरूमच्या भिंतीवर नियमांचा बोर्ड लावला होता. एका माणसाला एकच गाडी. अनामत रक्कम अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून. नंबर लागला की अर्जदाराने स्वतः यायचं, गाडी तपासायची, मॅनेजरसमोर सही करून ताबा घ्यायचा. गाडी नको असेल तर नंबर पुढच्या माणसाला, आणि अनामत अर्जदाराच्याच नावाच्या चेकने परत.

पैसेवाल्यांनी यावर तोड काढली होती. एक अर्ज स्वतःचा, एक मुलाचा, आणि बाकीचे नोकरमाणसांच्या नावाने. ज्याचा नंबर आधी लागेल ती गाडी घ्यायची, मग ट्रान्सफर. सगळेच करायचे. कोणाचा स्वयंपाकी गाडीवाला, कोणाचा माळी गाडीवाला. त्यांना बिचाऱ्यांना पत्ता पण नसायचा.

साहेबांनी एक दिवस मला हॉलमध्ये बोलावलं. "रामू, तुझं खरं नाव काय रे?"

सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. आडनावासकट. त्यांनी पेन थांबवलं, परत विचारलं, मी परत सांगितलं. "रेशनकार्ड आण," म्हणाले. आणलं. बाईसाहेबांनी ते हातात न घेता टेबलावरच वाचलं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून. मी कधी लपवलं नव्हतं, आणि कधी सांगितलंही नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दर गुरुवारी त्यांच्या देवघराची फुलं मी आणायचो. घाटकोपरच्या बाजारात एक बाई ताजी झेंडू-शेवंती द्यायची. रेशनकार्ड दाखवलं त्या आठवड्यात बाईसाहेब म्हणाल्या, "फुलं आता माळी आणेल. तुला उगाच फेरा पडतो."

पुढच्या आठवड्यात गाडीत माझ्या सीटवर खाकी कव्हर आलं. फक्त माझ्या. बाकीच्या सीटना पांढरं. "घाम येतो ना तुला," साहेब म्हणाले.

मला कळलं नव्हतं का? सगळं कळलं होतं. कळून न कळल्यासारखं केलं. राहती खोली जाईल, मुलीची शाळा जाईल. या भीतीने मी स्वतःशीच खोटं बोललो, आणि दोन वर्षं बोलत राहिलो. त्याची लाज मला बाईसाहेबांच्या वागण्यापेक्षा जास्त वाटते.

माझ्या नावाने बँकेत खातं उघडलं. साहेबांनी त्यात पैसे भरले, मी चेकवर सही केली, अनामत गेली. पासबुक त्यांच्या कपाटात. मग त्यांनी कोरे कागद पुढे केले. ट्रान्सफरचे फॉर्म, आणि नुसते कोरे कागदही. "खाली सही कर. वरचं आपला वकील भरेल."

सात ठिकाणी सही केली.

रविवारी कांजूरमार्गला बापाकडे गेलो होतो तेव्हा सांगितलं. बाप सिमेंटच्या गोडाउनमध्ये गोण्या उचलून निवृत्त झालेला. अंगठेबहाद्दर. पन्नाशीत विहारात बसून स्वतःचं नाव लिहायला शिकला आणि त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. त्याने माझं ऐकलं, विडी विझवली.

"कोऱ्यावर केलीस?"

"हो."

"गावची जागा माझ्या अंगठ्यावर गेली. मला वाचता येत नव्हतं. तुझं काय?"

मी दहावी पास. चहा न पिता निघालो.

दोन वर्षांनी नंबर लागला. साहेबांचा नाही, मुलाचा नाही. माझा. घरात पेढे आले. मला पण मिळाला एक, माळ्याच्या हातून.

आणि आम्ही सगळे अंधेरीच्या त्या शोरूममध्ये. नारळ, हार, हळदकुंकवाचं ताट, एक फोटोग्राफर. त्यांची पद्धत होती. मालकाच्या हातात किल्ली देताना फोटो काढायचा आणि भिंतीवर लावायचा. फोटोग्राफरने विचारलं, "मालक कोण?" साहेबांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. त्याला सगळं माहीत होतं. रोज एक तरी असा मालक त्याच्याकडे येत असणार, ज्याला फोटोत उभं राहायचं नसतं.

मग तो पेपर.

मी बसलो तेव्हा कागद कुरकुरला. स्टेअरिंगला मी हात लावला नाही. दोन वर्षं पाठ केलेले सगळे आकडे डोक्यातून निघून गेले. समोर काचेपलीकडे बाईसाहेब ताटातलं निरांजन सरळ करत होत्या, मी कधी उतरतो त्याची वाट बघत. मे महिना होता. गणवेश पांढरा. मी उतरलो तर घामाने पेपर पँटला चिकटून माझ्यासोबत आला. साहेबांचा मुलगा खो खो हसला. "अरे रामू, न्यूज घेऊन चाललास काय?" शोरूममधले चारपाच जण हसले. फोटोग्राफरही हसला.

मी मागे हात घालून पेपर सोडवला. शाई पँटला लागली होती. पेपरची नीट घडी घातली. का घातली, माहीत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं. आतून जळत होतो. रडू येईल असं वाटलं, आणि इथे रडलो तर मेलो, असंही वाटलं.

घडी घेऊन मॅनेजरच्या टेबलाशी गेलो. साहेब शेजारच्या खुर्चीत, बाकीच्या पैशांचा ड्राफ्ट हातात. मी उभा. मॅनेजरने फॉर्म फिरवून माझ्यापुढे केला. खाली दोन कार्बन. रोजचं पाठ बोलल्यासारखा बोलला:

"तुम्ही गाडी तपासली, तुम्हाला पसंत आहे, तुम्ही ताबा घेताय. इथे सही."

तुम्ही. फॉर्मपुरतं का होईना, त्याला तुम्ही म्हणावं लागलं.

मी विचारलं, "पसंत नसेल तर?"

तो हसला. "नसेल तर खालच्या ओळीत नको लिहायचं आणि सही करायची. पण असं कोणी करत नाही हो."

मी पेन घेतलं. खालच्या ओळीत लिहिलं, "गाडी नको." खाली सही केली, आडनावासकट, ठळक. कार्बनची एक प्रत अर्जदाराची असते, बोर्डावर लिहिलं होतं. ती फाडून खिशात घातली.

साहेबांना आधी समजलंच नाही. मग फॉर्म ओढून वाचला. ओरडले नाहीत. खालच्या आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "किती पाहिजेत तुला?"

हे पेपरपेक्षा वाईट होतं. त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

"काही नको."

"मग हा काय तमाशा?"

"माझ्या नावावर नको, साहेब."

"तुझं नाव?" आता आवाज चढला. "तुझ्या नावाला कुत्रं तरी विचारतं का? माझ्या पैशाने आलंय ते नाव या कागदावर."

"पैसे तुमचे आहेत. चेक आला की पैपैसा आणून देईन. नाव माझं आहे."

त्यांनी मॅनेजरला सांगितलं, फाडून टाका ते, मी बघतो. मॅनेजरने एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे. म्हणाला, "साहेब, नियम आहे. नंबर पुढे जाणार." नियमाचं त्याला एवढं प्रेम का आलं ते मला नंतर समजलं. सुटलेली गाडी बाहेर वर पैसे घेऊन विकता यायची. माझ्या नकारावर त्याने हात धुऊन घेतले असणार. घेऊ दे. मी कोणाला सुधारायला बसलो नव्हतो.

मुलगा अंगावर आला, "भिकारड्या, लायकी काय तुझी." आडनाव घेऊनही बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. मी टेबलावर जुन्या गाडीची किल्ली ठेवली, तिच्याशेजारी पेपरची घडी ठेवली, आणि निघालो. आठ वर्षांत पहिल्यांदा साहेब स्वतः गाडी चालवत मुलुंडला गेले. खाकी कव्हरवर बसून.

मी बसने पोचलो तेव्हा आमचं सामान गॅरेजच्या खाली उतरवलेलं होतं. बायको ट्रंकेवर बसली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. खोली गेली, पगार गेला. कोणत्या तोंडाने सांगू.

सगळं ऐकून ती म्हणाली, "फुलं बंद केली तेव्हाच का नाही सोडलीत? दोन वर्षं मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता त्याची."

मी वळकटी खांद्यावर घेतली.

कांजूरमार्गला बापाच्या दहा बाय दहात आम्ही चार जण राहिलो. मुलीची शाळा सुटली ती वर्षभर सुटलीच. तीन गॅरेजवाल्यांकडे गेलो, तिघांकडे साहेबांचा फोन आधी पोचला होता. वाट लागली होती, सरळ सांगतो. नकार दिला आणि दुनिया बदलली, असलं काही होत नाही.

दीड महिन्याने चेक आला. पत्ता बंगल्याचा होता, पण नाव माझं, म्हणून साहेबांना मला बोलावणं भाग पडलं. माळी निरोप घेऊन आला. मी जाऊन चेक आणि पासबुक घेतलं, चेक बँकेत भरला, वटल्यावर रक्कम व्याजासकट काढली आणि बंगल्याच्या फाटकाशी गेलो. साहेब फाटकाच्या आत उभे, मी बाहेर. त्यांनी हात पुढे केला.

"आधी माझ्या सह्या," मी म्हणालो.

"काय?"

"कोरे कागद. सात आहेत. माझ्या लक्षात आहेत."

साहेबांनी पोलिसांची धमकी दिली. मी म्हटलं बोलवा, पोलिसांना पण सांगतो गाड्या कोणाच्या नावाने घेतात. मग आत गेले आणि कागद घेऊन आले. मी एकेक उलटून पाहिला. सहा होते. उभा राहिलो. परत आत गेले, सातवा आणला. मग मी पैसे दिले.

कागद घरी आणून बापासमोर ठेवले. त्याने स्वतः एकेक स्टोव्हवर धरला.

आता मी घाटकोपर ते अंधेरी रिक्षा चालवतो. गाडी दुसऱ्याची, पाळी माझी. कोणी कागद पुढे केला तर आधी भरायला लावतो, मग वाचतो, पटलं तर सही. मुलगी पुन्हा शाळेत जाते. तिचं नाव ती आडनावासकट लिहिते, वहीच्या प्रत्येक पानावर. मीच सांगितलंय.

कधी कधी भाडं गप्पा मारत विचारतं, नाव काय भाऊ, गाव कुठलं. मी पूर्ण नाव सांगतो. आरशात बघतो. एखाद्याचा चेहरा बदलतो, एखादा सरकून बसतो. ज्याला उतरायचं असेल त्याने उतरावं. मी रिक्षा बाजूला घेतो, मीटर बघतो आणि झालेलं भाडं घेतल्याशिवाय त्याला सोडत नाही.