पाहुण्यांचा वाटा

"तिले काय इचारता सर? थे कॉन्व्हेंटची हाये. मुंडी हालवते अन् गिलास धुते."

हे कानावर आलं तेव्हा मी खरोखरच ग्लास धूत होते. शेडच्या मागच्या नळाला मे महिन्यात दुपारी गरम पाणीच येतं, त्यामुळे ग्लास स्वच्छ निघतात. बोलणारा माझा मामेभाऊ होता. मी त्याला दादा म्हणते. बोलण्यात कुचकेपणा नव्हता. सरांनी आत विचारलं होतं, "ती काय म्हणते?" आणि त्यानं नेहमीसारखं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं होतं. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. माझी शाळा एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर भरायची आणि तिथे नन सोडाच, घंटासुद्धा नव्हती. तरी मी कॉन्व्हेंटची.

मी नळ बंद केला नाही. आत जायला जितका उशीर होईल तितकं बरं, असं वाटत होतं.

आमचा क्लब म्हणजे चार माणसं. सर, दादा, अकोल्याचे मेडिकल दुकानवाले भाऊ आणि मी. घरी बिअर बनवायची, दर रविवारी अमरावतीच्या बाहेर, वलगावच्या रस्त्याला असलेल्या सरांच्या शेडमध्ये जमायचं आणि एकमेकांची चाखायची. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. दादा त्यांचा विद्यार्थी. मी अकोल्यात दुसरीच्या वर्गाला शिकवते. शनिवारपर्यंत घसा बसलेला असतो आणि रविवारी कुणाशी बोलायचं नसलं तर मला सुटी मिळाल्यासारखं वाटतं. मी सरांकडे पहिल्यांदा गेले ती पाव फुगत का नाही हे विचारायला. त्यांनी यीस्ट समजावून सांगितलं आणि मी जात राहिले. घरी मी 'यीस्टचा क्लास' म्हणून सांगितलं आहे. ते खोटं नाही, आणि त्यापुढे कुणी विचारलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात सरांच्या नाकाला वास येईनासा झाला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, वास काही आला नाही. चहा म्हणजे गोड गरम पाणी, असं ते म्हणतात. जिभेला गोड, आंबट, कडू कळतं, पण त्यापलीकडचं सगळं नाकाचं काम असतं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तरी क्लब त्यांनी बंद केला नाही. "नाक तुमचं, डोकं माझं," म्हणाले. तेव्हापासून आम्ही वास घ्यायचा, सांगायचा, आणि त्यावरून ते ओळखायचे की माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, जास्त भाजलं गेलं, की हॉप्सची कडू फुलं उशिरा पडली.

पिंप आणलं भाऊंनी. व्हिस्की मुरवून झाल्यावर कारखान्यानं काढून टाकलेलं, ओकच्या लाकडाचं, चारचाकीच्या डिकीत मावेल एवढं. थंडीचे दिवस होते. पिंप शेडमध्ये उतरवलं, बूच काढलं आणि सरांनी सवयीनं वर हात धरून हवा नाकाकडे ओढली. केमिस्ट्रीवाले असाच वास घेतात, बाटलीला नाक लावत नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात खाली गेला.

"सांगा रे," ते म्हणाले.

"गुळाची ढेप सर. पावसाळ्यात पाझरते ना, तशी," दादा म्हणाला.

"जळकं लाकूड. अन् थोडं खोकल्याचं औषध," भाऊ म्हणाले.

"तुमच्या दुकानातून सुटका नाही का तुमची?" सर म्हणाले.

सगळे हसले. मलाही पिंपातून गुळासारखाच वास आला होता, मी मान हलवली. त्या दिवशी सगळे खरं बोलत होते.

मग प्रत्येकानं आपापल्या घरी काळी बिअर केली. माझी मी घरमालकिणीकडून मागून आणलेल्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ती गावाला गेलेली असताना केली. चौघांची बिअर पिंपात ओतली आणि सर म्हणाले, "आता कोणाची कोणती, विसरा. आता मुरू द्या."

मुरवण्याचा नियम एकच असतो: बूच उघडायचं नाही. लाकडातून थोडी बिअर आपोआप उडून जाते. बाहेरच्या देशात तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, असं भाऊंनी कुठेतरी वाचलेलं. ते त्याला देवाचा वाटा म्हणायचे. तेवढी घट धरायची आणि बाकी हात लावायचा नाही. हवा आत गेली की घात.

हे चौघांनाही पाठ होतं. पण सरांकडे माणसं येतात. शेजारच्या मळ्यातले येतात, जुने विद्यार्थी येतात, दादाचा साडू लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. आलेला माणूस पिंपाकडे बघतो आणि विचारतो, "हे काय होय?" मग त्याला सांगावं लागतं. सांगितल्यावर तो म्हणतो, "असं का? बरं." त्या 'बरं'नंतर त्याला तसंच पाठवायचं म्हणजे काय? सर उठायचे, बूच काढायचे, काचेच्या नळीनं घोटभर काढायचे.

"सर, उघडू नका ना," भाऊ म्हणायचे.

"अरे, पाहुणा हाये. कोरडा जाईन का?"

"यानं बिघडते पण."

"एका घोटानं काय होते?"

एप्रिलमध्ये पारा चढला तसं पिंपाचं लाकूड सुकू नये म्हणून दादानं कूलर आणून पिंपासमोर लावला. शेडमध्ये कूलर आहे म्हटल्यावर दुपारी बसायला येणारी माणसं वाढली. दादा म्हणाला, "देवाचा वाटा घंटा. हा तं पाहुण्यांचा वाटा होऊन राहिला." सरांना ते इतकं आवडलं की प्रत्येक नव्या पाहुण्याला ते हे ऐकवायचे, आणि ऐकवून झालं की बूच काढायचे.

मला एप्रिलच्या अखेरीस कळलं. ग्लास तोंडाशी नेला आणि ओळखीचा वास आला. नेलपॉलिश काढायच्या लिक्विडचा. मागून सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, पण आधी तोच, डोक्यात चढणारा. मला वाटलं माझ्याच बोटांना असेल. मी बोटं हुंगली. मग परत जाताना बसमध्ये मोबाईलवर शोधलं. मूर्तिजापूर येईपर्यंत सगळं वाचून झालं होतं. हवा लागून दारूचा सिरका व्हायला लागला की हाच वास येतो. परत फिरवता येत नाही. पिंपही पुन्हा त्या कामाचं राहत नाही.

पुढच्या रविवारी दादा मला बसस्टँडवर घ्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"भाऊंना?"

"त्यायलेही मालूम हाये."

"मग सरांना का नाही सांगत?"

त्यानं गाडी बाजूला घेतली. "काय सांगू? पाच महिन्यांची गोष्ट अन् त्यायच्या हातानं बिघडली, असं सांगू? अन् तू हा नेलपॉलिशचा शब्द काढू नको हं तिथं. तो माणूस केमिस्ट्रीचा हाये. एका शब्दात समजंल त्याले."

मला त्याचं पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा सोयीचं वाटलं. तीन पुरुषांत बसून नेलपॉलिशचं नाव घ्यायची मला तशीही लाज वाटत होती. मी हा विषय त्यांच्यावर सोडून दिला आणि मान हलवत राहिले.

सरांच्या जिभेला आंबट लागत होतंच. त्यांनी विचारलंही.

"आंबट काहून लागते रे?"

"सर, बाहेर मुद्दाम आंबट करतेत. वर्षानुवर्षं पिंपात ठेवून. महाग राहते ती," दादा म्हणाला.

"असते तशी. मी वाचलंय. पण ती अन् सिरका, दोघांचाही आंबटपणा जिभेला सारखाच. फरक वासात. वास कसा आहे?"

"लाकडाचा. मनुकांचा थोडा."

"व्हॅनिला सर," भाऊ म्हणाले.

अकोल्याला परत जाताना भाऊंच्या गाडीत मी मागे बसले होते. बडनेरा गेल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ताई, मी दिवसभर दुकानात लोकांना सांगतो, बरं वाटंल, बरं वाटंल. इथंही तेच. थकलो बा मी." मी खिडकीची काच वर केली.

मग सरांनी ठरवलं की बाटल्या भरायच्या. मोर्शीचे आणि चांदूर बाजारचे त्यांचे जुने सहकारी बाटल्या भरल्यानंतरच्या रविवारी जेवायला येणार होते. तिघं-चौघं जण, सगळे केमिस्ट्रीचे. सर कॉलेजात असताना चिठ्ठी नसलेली बाटली कुणी समोर धरली की हातानं हवा ओढून आत काय आहे ते सांगायचे, आणि ही माणसं पैज लावून हरायची. सरांच्या बोलण्यातून एक दिवस सहज निघालं की नाकाचं त्यांनी या मित्रांना कधी सांगितलेलंच नाही. फोनवर कसं सांगायचं, असं म्हणाले.

म्हणजे ती माणसं येणार. सर स्वतःच्या हातानं पहिला ग्लास भरून देणार आणि त्यांना मनुका आणि व्हॅनिला सांगणार. समोरच्या प्रत्येकाला पहिल्याच श्वासात कळणार की हातात काय आहे. आणि हेही कळणार की देणाऱ्याला ते कळलेलं नाही. कदाचित कुणी काही बोलणार नाही. ते आणखी वाईट.

हे मी दादाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "दोन घोट घेतीन अन् गप बसतीन. म्हाताऱ्या माणसांत समजदारी राहते." त्याच्या आवाजात नुसता कंटाळा होता. मीही त्या दिवशी पालकसभा करून आले होते. मी बरं म्हणून फोन ठेवला.

तर बाटल्या भरायचा तो हा रविवार. ग्लास धुऊन झाले, ट्रेमध्ये उपडे ठेवले, आणि आणखी धुण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी आत गेले. कूलरचा आवाज मोठा होता. सरांनी बाटल्या उकळून, पुसून चटईवर रांगेत लावल्या होत्या. झाकणं एका ताटलीत. पिंपाला तोटी बसवलेली. भाऊ खाली बसून रबरी नळी सरळ करत होते, दादा मोबाईल बघत होता.

सरांनी एक ग्लास माझ्याकडून घेतला, तोटीतून थोडी बिअर काढली आणि उजेडात धरली.

"रंग तर लई चांगला आला," ते म्हणाले. मग दुसऱ्या हातानं ग्लासावरची हवा नाकाकडे ओढली. एकदा, मग पुन्हा. चेहऱ्यावर काही बदललं नाही. ते आमच्याकडे बघून थोडं ओशाळं हसले. "सवय जात नाही बाबा."

भाऊंनी नळी खाली ठेवली.

"सांगा मग शेवटचं. भरू का?" सरांनी विचारलं. "त्या चांदूरवाल्याचं नाक लई तेज आहे हं. त्याच्यासमोर फजिती नको. मले खरं सांगजा."

"भरा सर. मस्त मुरली," दादा म्हणाला. मोबाईलवरून मान वर न काढता.

भाऊ म्हणाले, "हो सर." इतक्या हळू की कूलरमध्ये ते विरून गेलं.

सरांनी ग्लास माझ्यासमोर धरला. "तू कधी सांगत नाहीस. राहू दे, सांगायचं नसंल तर. पण तुझं नाक सगळ्यात तरुण आहे."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मला त्याची नजर कळत होती. मी ग्लास घेतला. वास घ्यायची गरज नव्हती, तो शेडभर होता. पिंपाजवळ, चटईवर, माझ्या ओल्या हातांना. तो आम्हा तिघांना येत होता आणि आम्ही तिघं त्या एका माणसाभोवती वास नसल्यासारखे वावरत होतो. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. आठवडाभर वर्गात उभं राहून येतो तसा तो थकवा नव्हता. आता मान हलवायलाही मानेत जोर नव्हता.

सर वाट बघत होते. घाई करत नव्हते.

मी ग्लास पिंपावर ठेवला आणि म्हणाले, "भरू नका सर. नेलपॉलिश काढायच्या लिक्विडचा वास येतोय. आम्हाला तिघांनाही महिनाभरापासून येतोय."