भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक

आमच्या फ्रेंचच्या सरांइतका बोलका आणि त्यांच्याइतका एकटा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि रोज एसटीनं बारामतीला जाऊन एका इंग्रजी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना फ्रेंच शिकवायचे. चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते ‘बाँझूर’ असा फ्रेंच नमस्कार घालायचे. एसटीतला कंडक्टर शांतपणे म्हणायचा, “सर, ते ऱ्हाऊ द्या. पास दावा.”

फळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. येता-जाता निमगाव केतकीच्या बाजारातून ते पिशवीभर भाजी आणायचे आणि वर्गात मांडून बसायचे. सर भाजीवाले, मुलं गिऱ्हाइकं. फ्रेंचमध्ये नीट मागेल त्याला भाजी फुकट. पण दोडक्यासाठी कुठलं मूल हात वर करणार? उरलेला दोडका सर आठवडाभर एकटेच खायचे. शेजारधर्म म्हणून मीही पुष्कळ खाल्ला.

संध्याकाळी पाठाची तयारी चाले. भिंतीपलीकडून आधी भाजीवाल्याचा जाड आवाज यायचा, मग गिऱ्हाइकाचा बारीक. दोन्ही सरच. एकदा दारात येऊन म्हणाले, “तुम्ही गिऱ्हाईक व्हा की. एकच वाक्य आहे.” मी म्हटलं, “सर, मी मराठीत भाजी घेतानाच फसतो.” ते हसले आणि परत गेले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढे शाळेत कॉम्प्युटर यायचे ठरले आणि त्यासाठी फ्रेंचच्या तासावर नजर गेली. तास वाचवायला सरांनी पालकांसमोर बाजार भरवला. मुलं अशी काही बोलली, की पिशवी पहिल्यांदाच रिकामी झाली. एका मुलीचे आजोबा उठून म्हणाले, “सर, आमची नात घरी दोडक्याकडं बघत न्हाय, अन् हितं मागून घेतीया. लई झ्याक. पर ह्या भाषेत बोलायला हितं हाय कोण?” सरांनी रिकामी पिशवी घडी करून ठेवली. जूनपासून फ्रेंच बंद झालं आणि त्यांना भूगोल दिला.

भाजी आणणं थांबलं. संध्याकाळचा बाजार मात्र चालूच राहिला, फक्त बारीक आवाज बंद झाला. भाजीवाला काहीतरी विचारायचा, एका वाक्यापुरता थांबायचा आणि पुढचं बोलायचा. गिऱ्हाइकाचं ते मधलं वाक्य मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मी ते रोज मनात म्हणायचो. मोठ्यानं म्हणायची लाज वाटायची, आणि त्या लाजेची मला आजही लाज वाटते.

वर्षभरानं सर खोली सोडून गेले. त्या संध्याकाळी मी भिंतीजवळ उभा राहिलो आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात फ्रेंचमध्ये दोडका मागितला.