लढाईचा दुसरा दिवस

देवरावसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला घरीच होतो. दुःख नंतर झालं. आधी मनात आलं ते असं, की आता त्यांना काही सांगावं लागणार नाही... सुटलो. एवढं वाक्य लिहायला मला दीड महिना लागला.

अल्लीपूरच्या शाळेत सरांनी मला इतिहास शिकवला आणि पुढे त्याच शाळेत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर इतिहासाचा शिक्षक म्हणून बसलो. लढाई शिकवायची त्यांची रीत निराळी होती. तोफा, घोडे, सेनापती पंधरा मिनिटांत आटोपायचे. मग हातावरचा खडू झटकून ते विचारायचे, "लढाई झाली. दुसऱ्या दिवशी काय झालं?" भोसल्यांचं राज्य इंग्रजांकडे गेलं त्या सीताबर्डीच्या लढाईचा धडा आला की अख्खा वर्ग घेऊन ते हिंगणघाटच्या कापूस बाजारात जायचे. आमच्या वेळी एकानं विचारलंच, "सर, लढाई नागपूरले झाली, अन् आपन इथं कापूस काऊन पाहून राह्यलो?"

"राज्य गेलं तिथं, पन गेलेलं दिसते इथं. रूळ कोनासाठी टाकले? हा कापूस कोनाच्या गिरणीत गेला? अन् तुह्या तोंडात अर्धी हिंदी कोठून आली, ते घरी आज्याले विचारजो."

"आजा बहिरा हाय, सर."

"मंग जोरात विचारजो!"

देश रणांगणावर अर्धाच घडतो. हरल्यावर लोक कोणाच्या कायद्यानं जगू लागले, काय पेरू लागले, यात उरलेला अर्धा असतो, हे सरांचं म्हणणं मला त्या वयातही कळलं होतं. म्हणूनच पुढच्या माझ्या वागण्याला सबब नाही.

सरांचा अभ्यासक्रम कधीच पुरा होत नसे, आणि दहावीचा वर्ग मला हवा होता. मी 'एक पालक' म्हणून मुख्याध्यापकांना निनावी अर्ज लिहिला. सर मुलांना बाजारात हिंडवतात, धडे राहून जातात, निकाल घसरतो... एकही गोष्ट खोटी नव्हती. मुख्याध्यापकांनी अर्जाची झेरॉक्स देऊन सरांकडे खुलासा मागितला. सरांनी तो दिलाच नाही. जूनमध्ये दहावी माझ्याकडे आली आणि सरांकडे पाचवीचा भूगोल. ते मात्र पूर्वीसारखेच शेजारी बसत, डब्यातलं लोणचं माझ्यापुढे सरकवत. मी प्रत्येक लढाईची चार कारणं आणि चार परिणाम फळ्यावर लिहून देऊ लागलो. मुलांनी ते पाठ केले, निकाल वाढला, माझा सत्कार झाला. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, पाचवा परिणाम असू शकते का?" मी म्हणालो, "परीक्षेत चारच विचारतात." तिनं वही मिटली.

सेवाग्रामच्या दवाखान्यात सरांची शेवटची भेट झाली. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. "सर, एक बोलायचं होतं."

"बोल ना, वसंता." डोळे मिटून ते वाट पाहत राहिले.

"पानिपतावर नवं पुस्तक आलंय, सर."

ते किंचित हसले. "आनजो," म्हणाले.

तेरवीनंतर सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचे कागद लावायला मला बोलावलं. "तुह्याशिवाय कोनाले समजनार हाय ते?" सरांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसून मी टेबलाचा खण उघडला, तर तळाशी ती झेरॉक्स होती. शाळेत पाच वर्षं माझ्या वह्या त्यांनीच तपासल्या होत्या. ते अक्षर त्यांना न ओळखायला काय झालं! समासात लाल शाईनं, उत्तरपत्रिकेवर लिहीत तसंच, लिहिलं होतं: "वसंता, कारणं बरोबर. परिणाम लिहिले नाहीत."

काकू चहा घेऊन आल्या. "काही कामाचं हाय का रे त्यात?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला. "काकू, हा अर्ज मी लिहिला होता. सरांविरुद्ध."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला. "थांब, चष्मा आनतो," म्हणत त्या आत गेल्या.

मी सरांच्या खुर्चीवरून उठलो आणि उभाच राहिलो.