केराबाईचा एडका

लग्नाआधी एका जागी सलग दोन महिने चूल पेटल्याचं केराबाईला आठवत नव्हतं. ती वळसंगच्या धनगराची लेक. मेंढरं जातील तिथं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड टेकेल तिथं तीन दगड. कुठं वारा भलतीकडून यायचा, कुठं दगडच तापून फुटायचा आणि भरली कालवणाची मडकी मातीत आडवी व्हायची. मग आई रागानं दगडाला लाथ मारायची आणि स्वतःच पाय धरून बसायची.

म्हणून धुळाप्पाशी लग्न होऊन ती सोलापुरात, स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली, तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते चूल घालण्याचं. तांबडी माती, घोड्याची लीद, वरून शेणाचा गुळगुळीत हात. शेजारी कालवण कढत ठेवायला वैलसुद्धा काढला. ती वाळेपर्यंत दोघांनी चुरमुऱ्यांवर दिवस काढले. धुळाप्पा म्हणाला, "अगं, चूल हाय का देवळाची पायरी?" केराबाई म्हणाली, "माझ्यासाठी दोनी."

धुळाप्पा मोठ्या लढाईत बसऱ्याला गेलेला माणूस. गेला खेचरं हाकायला आणि आला पाना घेऊन. तिथं लष्कराच्या मोटारींच्या ताफ्यात तो असा काही रमला, की परत येऊन मेंढरांमागं जायचं त्याच्यानं होईना. शेडच्या एका टोकाला संसार आणि दुसऱ्या टोकाला मोटारी उघडून ठेवलेल्या. मधे गोणपाटाचा पडदा होता, तो पहिल्याच उन्हाळ्यात फाटला आणि पुन्हा कुणी लावला नाही. पिठाचे हात आणि ग्रीसचे हात एकाच राखेनं स्वच्छ होतात, हे केराबाईला तोवर कळून चुकलं होतं. आधी ती नट रॉकेलात धुऊन द्यायची, मग ते कुठं बसतात ते विचारायची, आणि काही वर्षांनी, "अवं, त्यो तितला न्हवं," असं चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची.

मोटारीचं वेड असलेला एक मोठा माणूस त्यांच्या वाट्याला आला, तो शिवयोगी. कापडवाल्याचा एकुलता एक मुलगा, तिशीचा, बोलायला लागला की भोंगा. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं दोन माणसांची शर्यतीची गाडी घेतली होती. लांब नाक, पुढं आलेले वाटोळे दिवे, आणि चालू केली की पुढची चाकं रोवून थरथरायची. केराबाईनं तिला पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर टकरीचा एडका हाय की!" तेव्हापासून गाडीचं नावच एडका पडलं.

एडक्याला दोन रूपं होती. एरवी तो मडगार्ड, टप, काच लावून शिवयोगीला अक्कलकोटला नेऊन आणायचा. रविवारी धुळाप्पा चार नट फिरवून ते सगळं उतरवायचा, की गाडी कातरलेल्या मेंढीसारखी सडपातळ व्हायची. तिचं हेड घासून त्यानं इंजिनाचा दाब वाढवला होता, सीटच्या लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडून वजन कमी केलं होतं. गाडी वळणावर फार डोलायची. तर केराबाईनं बकऱ्याच्या केसांचा दोर वळला आणि दोघांनी मिळून कमानपाट्यांभोवती तो घट्ट आवळला. डोलणं थांबलं. शिवयोगी गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "वैनी, आता पोटातलं पाणी हालत नाही. फक्त आतडी हालतात."

असं चाललेलं असताना एका वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. शेडच्या जागेवर मालकाला गोदाम बांधायचं होतं. पावसाळ्याआधी उठा म्हणून त्यानं सांगितलं. आणि हिप्परग्याच्या तलावाच्या कोरड्या पात्रात मोटारींची शर्यत ठरली.

शिवयोगी धावत आला. "धुळाप्पा, एडका पहिला आला तर विजापूर रस्त्यावरच्या माझ्या जागेत पक्कं गॅरेज बांधतो. तुम्ही दोघांनी चालवायचं, मी फक्त येऊन चहा पिणार. पण हरला तर मोटार विकावी लागेल. आईनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय. आणि मी शर्यतीत बसायचं नाही, हीसुद्धा शपथ आहे."

"मग चालवायची कुणी?"

"तू. नाहीतर काय माझी आई चालवणार?"

तेवढ्यात मैंदर्गीकडून मेंढरांचा तळ सोडून धुळाप्पाची आई आली. नागव्वा. काळी, उंच, खांद्यावर घोंगडं, बोलण्यात निम्मं कानडी. जागा जाणार असल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. बसायच्या आधीच ती म्हणाली, "धुळाप्पा, पुरं झालं. तुझा भाऊ एकटा मेंढरं वळतोय. लोखंडाला लोकर येत न्हाय."

"आये, शर्यत होऊ दे. जिंकलो तर गॅरेज."

"आणि हरलास तर?"

नागव्वानं केराबाईकडं बघितलं. "हरला तर दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यामागं. बोल केरा, कबूल?"

केराबाईनं चुलीकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या पोतेऱ्यानं तिच्या कडा उशीसारख्या गोल झाल्या होत्या. "कबूल," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सासूशी वाद घालून कुणाची चूल राहिली आहे?

आणि नेमका तेव्हाच एडका आजारी पडला. मागच्या ॲक्सलमधलं तेल चाकाच्या बाजूनं पाझरून ब्रेकमध्ये उतरायला लागलं. तिथं तेल अडवायला विलायती फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती असते. ती झिजून गेली होती आणि मुंबईहून नवी येईतो शर्यत होऊन जाणार होती. लोकर म्हटल्यावर धुळाप्पा हसला. "धनगराला लोकरीची काय काळजी?" बाजारातून कोरं करकरीत घोंगडं आणून त्यानं दोन चकत्या कापल्या, बसवल्या, आणि अक्कलकोट रस्त्यावर गाडी दामटली. उतारावर ब्रेक दाबला तर तेलामुळं त्यानं चाकं धरलीच नाहीत. एडका कडब्यानं भरलेल्या बैलगाडीत नाक खुपसून थांबला.

नागव्वा हसून हसून खाली बसली. "एडकाच की! कडबा दिसला की थांबतोय!"

केराबाईनं चकत्या काढून हातात घेतल्या. पापडासारख्या कडक होत्या. तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, हे धनगराच्या पोराला ठाऊक नसावं असं नाही; पण इतकी वर्षं तो फक्त जुनीच घोंगडी पांघरत आला होता. खळीनं ताठलेली लोकर तेल पीतही नाही आणि ॲक्सलला बिलगतही नाही. तिनं उरलेलं घोंगडं धुऊन खळ काढली, तर नवी वीण सैल पडली; कापल्याबरोबर धागे सुटून आले. धागे बोटाला गुंडाळता गुंडाळता तिच्या ध्यानात आलं. वर्षानुवर्षं पावसात भिजलेलं, पायाखाली तुडवलेलं, अंगाखाली दबून एकजीव झालेलं घोंगडंच हवं होतं. तसं एकच घोंगडं शेडमध्ये होतं. ते नागव्वाच्या खांद्यावर होतं.

त्या घोंगड्यावर सणाला बिरोबा बसत. घोंगड्याला कातर लावणं तर सोडाच, ते ओलांडूनही कुणी जात नसे.

"आत्या," केराबाई भीत भीत म्हणाली, "दोन वाटीएवढे तुकडे पायजेत."

"अय्यो यव्वा! उद्या म्हणशील, सासूची कातडी द्या."

"ती उपयोगाची न्हाय. लई पातळ हाय."

नागव्वानं तिच्याकडं रोखून पाहिलं; हसू दाबलं की राग, ते कळलं नाही. पण घोंगडं उशाला घेऊन ती दुपारी झोपली, आणि विषय तिथंच थांबला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी पुण्याहून एक निळी गाडी आली. नवी, मोठी, एडक्याच्या दीडपट ताकदीची. तिचा मेकॅनिक सगळ्यांच्या गाड्या बघत हिंडत हिंडत शेडमध्ये डोकावला. दोरानं आवळलेले पाटे पाहून त्यानं दात काढले. दारात बसलेल्या नागव्वाला तो म्हणाला, "काय मावशी, शर्यत मोटारींची आहे. धनगरांना मेंढरं आणायला कुणी सांगितलं?"

आता आपल्या पोराला आणि सुनेला नावं ठेवायचा मक्ता नागव्वाचा होता. परक्यानं त्यात हात घातलेला तिला कसा चालावा?

"बाबा," ती उठत म्हणाली, "तुझ्या गाडीचं बूड आजच नीट बघून ठीव. उद्या त्याला आमच्या एडक्याचं शिंग लागणार हाय."

तो हसत हसत गेला. नागव्वा आत आली, खांद्यावरचं घोंगडं काढून चुलीसमोर अंथरलं, त्याला हात जोडले आणि कानडीत देवाशी काहीतरी बोलली. बोलणं जरा भांडणाच्या सुरातलं वाटलं. मग केराबाईला म्हणाली, "देवाची बाजू सोड. ही माझ्या पायाकडची. आण लोकर कातरायची कातर."

"आत्या, मी कापते."

"तू कापलंस तर तुला पाप. मी कापलं तर देव आणि मी बघून घेऊ."

जुन्या चकतीवरून कोळशानं आखून नागव्वानं दोन वाटोळे तुकडे काढले. काठाचा एक धागा सुटला नाही. केराबाईनं वैलावर तेल कोमट केलं आणि चकत्या त्यात सोडल्या. सगळे वाकून बघत होते. काळी लोकर सावकाश तेल प्यायली, फुगली, मऊ झाली. धुळाप्पानं त्या बसवल्या. ॲक्सलला त्या अशा बिलगल्या, जसं पोर आईला.

"तरी शब्द तोच हाय हां," नागव्वा म्हणाली. "हरलात तर माझ्यामागं."

शर्यतीच्या दिवशी आणखी एक अडचण निघाली. गाडीत चालवणाऱ्याबरोबर एक सोबती हवा, कारण एडक्याच्या टाकीत हातपंपानं हवा भरत राहिलं तरच पेट्रोल पुढं जायचं. शिवयोगीवर शपथ. बाकी कुणाला तो पंप ठाऊक नव्हता.

"मी मारते पंप," केराबाई म्हणाली. "इतकी वरसं चुलीला फुंकर घालतेय, टाकीला घालायला काय जड हाय?"

शिवयोगी नियमांचा कागद घेऊन पंचांशी हुज्जत घालायला गेला. परत आला तो हातवारे करत. "बाईनं बसू नये असं लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं! बसा वैनी. माझ्यापेक्षा तुम्ही वजनानं निम्म्या आहात."

केराबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर तोंडाला गुंडाळला आणि बसली.

तलावाचं पात्र तव्यासारखं तापलेलं. चुना टाकून आखलेली वाट, दोन लांब सरळ पट्टे आणि दोन आखूड वळणं. पाच फेऱ्या. झेंडा पडला आणि सगळं धुळीत बुडालं. दुसऱ्या फेरीपर्यंत बाकीच्या गाड्या मागं पडल्या. पुढं फक्त निळी. सरळ पट्ट्यावर ती भुर्रकन लांब जायची, वळणावर वजनामुळं तिला लवकर आवरतं घ्यावं लागायचं, तिथं एडका तिला गाठायचा. पण पुढं काढायचं तर तिच्याहून उशिरा ब्रेक दाबायला हवा होता, आणि धुळाप्पाचा पाय दर वळणाला आधीच दबायचा. त्या पायाला कडब्याची गाडी आठवत होती.

केराबाईला ते कळत होतं. पंप मारता मारता ती दर फेरीला मागं वाकून चाकाकडं बघायची. तेल उतरलं असतं तर चाकाच्या आतल्या अंगाला काळी ओली धार दिसली असती आणि तिच्यावर धूळ चिकटून चिखल झाला असता. चौथ्या फेरीला तिनं पाहिलं. पाचवीला पुन्हा पाहिलं. नुसती पांढरी, कोरडी, भुसभुशीत धूळ.

शेवटचं वळण समोर आलं. निळी गाडी आवरायला लागली. धुळाप्पाचा पाय हलला.

"कोरडं हाय!" केराबाई त्याच्या कानात ओरडली. "चाक कोरडं हाय! आता न्हाई, आता न्हाई, जाऊ द्या!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला भर गर्दीत हुकूम सोडला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उलट काही विचारलं नाही. एडका निळीच्या आतल्या बाजूनं सरळ घुसला. मग केराबाईच म्हणाली, "हां, आता!" धुळाप्पानं ब्रेक दाबला. ब्रेकनं चाकं धरली. दोर आवळलेले पाटे कुरकुरले, गाडी जरा तिरकी झाली, मातीत रुतली, आणि शिंग खाली घालून टकरीला निघाल्यासारखी वळणातून बाहेर पडली. पुढं वाट मोकळी होती. निळी मागून आली, अगदी चाकाला चाक लागेतो आली, पण वाट संपली होती.

धुळीतून बाहेर आल्यावर केराबाईला आधी काही ऐकूच येईना. शिवयोगी टोपी उडवत नाचत होता. शपथ फक्त शर्यतीची होती, नाचायची नव्हती. नागव्वा मात्र गाडीजवळ आली ती थेट मागच्या चाकाशी वाकली. आत बोटं घालून फिरवली, बाहेर काढून बघितली. कोरडी. बोटावरची धूळ तिनं आधी लेकाच्या कपाळाला लावली, मग सुनेच्या. मग कंबरेवर हात ठेवून निळ्या गाडीच्या मेकॅनिकला हाक मारली, "ए बाबा! शिंग लागलं का न्हाय?"

तो भला माणूस निघाला. जवळ येऊन त्यानं हात जोडले. "लागलं मावशी. चांगलंच लागलं."

पाऊस लागायच्या आत विजापूर रस्त्यावर गॅरेजच्या भिंती उभ्या राहिल्या. शिवयोगी पाटीवर कुठलं नाव लिहायचं याचा खल करत होता, तोवर केराबाईनं आतल्या खोलीत तांबडी माती मळायला घेतली. या खेपेला वैल दोन काढले. एक कालवणाला आणि एक चकत्यांच्या तेलाला. पुढं विजापूर आणि अक्कलकोटकडच्या मोटारवाल्यांत, मागच्या चाकातून तेल गळायला लागलं की "धनगरणीकडं न्या" असंच म्हणायची रीत पडली.

नागव्वा परत निघाली, तेव्हा मडगार्ड चढवलेल्या एडक्यातून तिला तळावर पोचवायला दोघंही गेले. धाकट्या भावाला हाताशी गडी ठेवायचं वाटेतच ठरलं. तळावर उतरल्या उतरल्या नागव्वानं सगळ्या धनगरांना गोळा केलं आणि घोंगडं अंथरलं. एका म्हातारीनं तोंडावर हात नेला. "अगं नागव्वा, देवाच्या घोंगड्याला भोकं गं कशानं पडली?"

"पडली न्हाईत, पाडली," नागव्वा ऐटीत म्हणाली. तिनं भोकातून हात घालून बोटं हलवून दाखवली. "पुण्याच्या गाडीला मागं टाकून माझी सून हितनं भाईर आली."