संसार बेतताना

गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला खेटून, जेमतेम एका दाराएवढं शिंप्याचं दुकान होतं. शिवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे. माणूस समोर आला की मास्तरांची नजर आधी चेहऱ्याकडे न जाता खांद्यांकडे जायची. "उजवा खांदा जरा उतरलाय तुमचा," असं पहिल्याच भेटीत सांगून ते मोकळे व्हायचे आणि मग नाव विचारायचे. गिऱ्हाईक आपला खांदा चाचपत घरी जायचं आणि आठवड्यानं शर्ट घालून आरशासमोर उभं राहिलं की मास्तरांना मनातल्या मनात माफ करायचं.

त्यांची मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली. तिनं आईवडिलांना कायमचं बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "बाबा, सामानाचा घोळ घालू नका. सगळं विका आणि नुसते या. इथे कशाची कमी नाही."

मास्तर "बरं" म्हणाले. पण त्यांनी धसका घेतला तो टेबलाचा.

ते कापड बेतायचं टेबल होतं. सुताराच्या डोक्यावर बसून, स्वतःच्या कमरेच्या मापानं करून घेतलेलं. दुसऱ्या कुठल्याही टेबलावर कात्री धरली की मास्तरांची पाठ धरायची. मुलीच्या घरात रस्त्याकडची एक खोली रिकामी होती. तिथे हे टेबल गेलं, तर मास्तर तिथेही मास्तरच राहणार होते. नाही गेलं, तर जावयाच्या सोफ्यावर कडेला बसून एकच पेपर तिसऱ्यांदा वाचणार होते. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला सांगायची तर गरजच नव्हती. त्यांच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार तिला पाठ होते.

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, अगदी पायपुसण्याचासुद्धा, आणि मग आकडा सांगितला. मास्तरांनी विचारलं, "हे सामान पोचवायचे, की एवढ्यात नवीन सामानही देता?" तो माणूस हसला नाही. रेल्वेच्या पार्सल खिडकीवर चौकशी केली, तर ते म्हणाले की प्रत्येक वस्तूला लाकडी पेटी हवी. घरी येऊन मास्तर बायकोला म्हणाले, "कोटापेक्षा अस्तर महाग पडतंय."

अखेर वाट दाखवली ती एका ट्रकवाल्यानं. तो सीटचं उसवलेलं कव्हर शिवून घ्यायला आला होता. मास्तरांनी गाव सांगितल्याबरोबर त्यानं मांडीवर थाप मारली.

"अहो, तिथूनच तर मी फरशी आणतो! जाताना गाडी निम्मी रिकामी. पुढे एका पार्टीचे पाइप भरलेत. मागचा तुकडा तुमचा. डिझेलला हातभार लावा, झालं."

"तुकडा केवढा?" मास्तरांनी ताबडतोब विचारलं.

"येऊन बघा की. पण मधे फळी टाकली म्हणजे टाकली. पलीकडे चमचासुद्धा सरकू देणार नाही. पार्टी बोंबलते."

तुकडा हा शब्द मास्तरांच्या कानात पडला आणि पुढचं सगळं तिथेच ठरून गेलं. तुकडा बघितला की त्यात काय काय निघेल हे सांगणारा सगळ्या बाजारात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. गळ्यातला टेप काढून त्यांनी ट्रकचा मागचा भाग आडवा-उभा मोजला. ट्रकवाला म्हणाला, "मास्तर, गाडीला शर्ट शिवताय का?"

मग घरी येऊन त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या वस्तू भिंतीला सारल्या आणि शिवणाच्या खडूनं जमिनीवर तो तुकडा आखला. घरातल्या एकेका वस्तूचं माप घेतलं. कपाटाची पाठ, पलंगाची लांबी, पाण्याच्या पिंपाचा घेर. खाकी कागदाचे त्या मापाचे तुकडे कापले आणि ते खडूच्या रेघेत बसवायला घेतले. पलंग असा, कपाट तसं, मशीन कोपऱ्यात, गाद्या आडव्या. कागद फिरवले, उलटे केले, तिरके लावून पाहिले. प्रत्येक वेळी काहीतरी बाहेर राहायचं, आणि ते काहीतरी म्हणजे टेबल. कपाट बायकोचं होतं, त्याला हात लावायची सोय नव्हती. बायको बहिणीचा निरोप घ्यायला गेली होती. मास्तरांनी इस्त्रीवाल्याला बोलावलं आणि मन घट्ट करून टेबल देऊन टाकलं.

बायको परत आली आणि दारातच थबकली.

"टेबल कुठाय?"

"इस्त्रीवाल्याला दिलं. बसत नव्हतं."

"कशात?"

"तुकड्यात."

तिनं खाली बघितलं. "हे काय अंथरलंय?"

"ही खडूची रेघ म्हणजे ट्रक. ह्या गाद्या. हे तुझं कपाट." मास्तरांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. "कडेला कडा भिडवलीय बघ. एक बोट जागा वाया गेलेली नाही."

"म्हणजे कपाट आडवं, आणि गाद्या त्याच्या शेजारी जमिनीवर?"

"हो. मग कुठे?"

"अहो, कपाट उभं करतात! गाद्या पलंगावर टाकतात! ट्रकमध्ये सामान एकावर एक रचतात हो!"

मास्तर कागदांकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी एका कागदावर दुसरा कागद चढवला नव्हता. पाठीच्या कागदावर बाही चढली की कापड बिघडलंच.

"कापडाला उंची नसते," ते हळूच म्हणाले.

"ट्रकला असते! आता जा आणि टेबल घेऊन या. तुमच्यासाठी नाही सांगत, माझ्यासाठी सांगतेय. टेबल नसलं तर तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसाल आणि मी कांदा कसा कापायचा ते मला शिकवाल."

दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्रीवाला टेबलावर चादर अंथरून काम करत होता. तो मास्तरांपेक्षा चांगला वीतभर उंच. कमरेत असा वाकला होता, की जमिनीवर पडलेलं काही शोधतोय असं वाटावं.

"कसं आहे टेबल?" मास्तरांनी विचारलं.

"झकास!"

"आणि पाठ?"

"पाठीचं काय घेऊन बसलात..." इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "मास्तर, रागावणार नसाल तर बोलू? सकाळपासून पार मोडली हो. खाली विटा लावल्या तर डगमगतं. पण एवढ्या प्रेमानं दिलंत, तुम्हाला सांगायचं तरी कसं?"

"मग दे परत."

"मनापासून म्हणताय?"

"अगदी मनापासून."

दोघांनाही हायसं वाटलं, आणि दोघांनीही ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. टेबल उचलून दोघं गल्लीतून निघाले. खरं कारण मास्तरांनी अर्थातच सांगितलं नाही. पण टेबल घरात पोचायच्या आत बायकोनं ते अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं. सामान भरायच्या दिवशी जो तो ट्रकपाशी येऊन विचारत होता, "काय मास्तर, उंची घेतली ना?"

टेबल उलटं करून ट्रकमध्ये गेलं. त्याच्या चार पायांत गाद्या बसल्या, गाद्यांवर खोकी चढली. कपाट बाजूला ताठ उभं राहिलं. मास्तर खाली उभे राहून बघत होते. सामान वर वर जाताना बघून त्यांना अजूनही जरा धाकधूक होत होती.

मुलीच्या घरी रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडलं गेलं. जावई ऑफिसातून आला. सभ्य, अबोल माणूस. घरात आलेल्या नव्या टेबलावर त्यानं सहज आपली बॅग ठेवली, हेल्मेट ठेवलं आणि तो मोबाइल बघत उभा राहिला.

"ते उचला आधी," मास्तर म्हणाले. "कामाचं टेबल आहे ते."

मुलीनं घाबरून आईकडे बघितलं. आई शांतपणे पदरानं हात पुसत म्हणाली, "झालं. तुझे बाबा आज खरे पोचले."

जावयानं निमूटपणे बॅग आणि हेल्मेट उचललं. पण तो गेला नाही. दाराशी जरा घुटमळला.

"बाबा, माझी एक पँट आहे... कमरेत थोडी..."

मास्तरांच्या गळ्यात टेप होताच. "इकडे या. उजेडात उभे राहा. हात खाली." त्यांनी टेप फिरवला आणि थांबले. "श्वास सोडा, जावईबापू. पोट आत ओढू नका. मला तुमचं माप हवंय, तुमची इच्छा नकोय."