हाताचा रकाना

"एक खिडकी उघडा रे," आमच्या संस्थेचे सर माइकवरून म्हणाले. "वास कोंडलाय."

हॉलमध्ये हसू पसरलं. मोठ्याने कुणी हसलं नाही. शिकलेली माणसं होती.

बोईसरच्या एका हॉटेलातला थंडगार हॉल. पुढे परदेशातून आलेले चार पाहुणे, मध्ये आमच्या संस्थेची माणसं आणि मागे भिंतीला लागून आमच्या वाडीच्या सहा बायका. चिंचणीच्या अलीकडे आमची वाडी. बायका बोंबील वाळत घालत होत्या, तिथून त्यांना जीपने उचलून आणलं होतं, लाभार्थी म्हणून बसवायला. लुगडं बदलायलाही सवड दिली नव्हती.

पडद्यावर आधी जगाचा नकाशा आला, मग देश, मग आमचा किनारा. तीन वर्षांपूर्वी उंच असलेली एक रेघ उतरत उतरत तळाला आलेली. किनाऱ्यावरच्या गावांत आजारपण घटलं, असा तिचा अर्थ. सर म्हणाले, "जग सुधारतंय, आणि आपला किनारा मागे नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात मागची एक बाई उठली. दोन्ही हात वर केले.

"मंग माझे हात बगा. चिरा पडल्या हायत. आमी बऱ्या कवा झालो?"

सर रागावले नाहीत, हे मुद्दाम सांगते. गोडच बोलले. "आजी, एका माणसाचं दुखणं म्हणजे डेटा नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "तू त्याच गावची ना? समजाव बाईंना त्यांच्या भाषेत."

मी उठले. गळ्यात ओळखपत्र, अंगावर इस्त्रीचा कुडता. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "मावशी, खाली बसा. नंतर बोलू."

ती माझी आई होती.

जन्मात मी तिला कधी 'बसा' म्हटलेलं नाही. आये, बस. आये, जेव. एवढंच. तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं. मग म्हणाली, "बरा मॅडम." आणि बसली. हात पदराखाली घेतले.

शेजारच्या पाचही बायकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. एकीनेही तोंड उघडलं नाही. माझी लाज त्यांनी राखली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी खुर्चीत बसून पुढचं चित्र बघत राहिले.

आता ती रेघ खाली कशी आली ते सांगते. ती मी आणली.

तीन वर्षं मी टॅब घेऊन घरोघर फिरतेय. पहिला प्रश्न असा: गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का? 'हो' दाबलं की वीसेक प्रश्न उघडतात. त्वचेचा आजार की श्वासाचा, किती दिवस, कुठे दाखवलं. 'नाही' दाबलं की थेट पुढचं पान. दिवसाची घरं ठरलेली असतात, ती उरकायची. हे एकदा कळलं की बोट आपोआप 'नाही'कडे जातं. बरोबरच्या मुलींचंही जायचं. पण मी इथे माझ्या बोटाबद्दल बोलतेय.

शिवाय आमच्या बायका 'आजारी' कशाला म्हणतात ते मला ठाऊक. अंथरुणाला खिळली ती आजारी. टोपली उचलून बाजारात गेली ती धडधाकट. "आजारी पडाया सवड कुटं हाय बाय?" असं म्हणायच्या, आणि मी 'नाही' दाबायचे. पहिल्या वर्षी नवी होते. हात बघायचे, खोकला ऐकायचे, खोदून विचारायचे. म्हणून रेघ उंच होती. पुढे मी तयार झाले, तशी वाडी बरी होत गेली.

यंदा आमच्याच घराचा फॉर्म मी उंबऱ्यावर बसून भरला. आई समोर मासळी साफ करत होती. खाडीला कारखान्यांचं रंगीत पाणी आलं की तिचे हात फुटतात. मीठ लागलं की झोंबतात. ती म्हणाली, "माझ्या हातांचा लिव."

मी म्हणाले, "आये, हाताचा रकाना नाय यात."

रकाना होता. 'हो'च्या मागे होता. पण मला अजून नऊ घरं करायची होती. आईला वाचता येत नाही. पोरगी सांगते म्हणजे नसेल, असं समजून ती पुन्हा मासळीकडे वळली.

आकड्यांवर माझा राग नाही. आजीची चार बाळं गेली, आईचं एक गेलं, माझ्या बहिणीची दोन्ही शाळेत जातात. असं जगभर होतंय, हे सर सांगतात ते खरं आहे. ते आपल्याला कळतं, कारण कुणीतरी दारोदार जाऊन नीट विचारलं आणि जे ऐकलं तेच लिहिलं. या कामाचा मला अभिमान होता. जगाच्या नकाशावर आपल्या वाडीचा ठिपका आपण लावतोय, असं वाटायचं. आणि मी तिथे खोटा ठिपका लावला.

जेवणाच्या वेळी सरांनी एक कागद पुढे केला. 'गावात जाऊन पडताळणी केली, माहिती खरी आहे.' खाली माझं नाव छापलेलं. "पटकन सही कर, पाहुण्यांना निघायचंय."

पेन हातात घेतलं. पलीकडच्या टेबलावर आई जेवत होती. चमच्याने. आयुष्यात तिने चमच्याने भात खाल्ला नव्हता. आमटीचं तिखट चिरांत जात होतं, म्हणून चमचा धरला होता, तोही धड धरता येत नव्हता.

मी म्हणाले, "सही करणार नाही."

"का?"

"माहिती खोटी आहे. मीच भरलीय. 'हो' होतं तिथे 'नाही' दाबलंय."

सरांनी आवाज खाली आणला. "वेड्यासारखं बोलू नकोस. नाव तुझंच खराब होईल. तुम्हा लोकांना परत दारात कोण उभं करेल?"

तुम्हा लोकांना. ओळखपत्र गळ्यात होतं, तरी मी त्या लोकांतलीच होते. मी पेन खाली ठेवलं.

"होऊ दे खराब. आणि सर, ती बाई माझी आई आहे."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

मी कागद तसाच ठेवून बाहेर पडले.

घरी आले तर आई अंगणात. मला बघून म्हणाली, "बसू का उबी ऱ्हावू, मॅडम?" मी तिथेच रडायला लागले. तिने जवळ घेतलं नाही. बोंबील उलटत राहिली.

संस्थेने टॅब काढून घेतला. मी दोनशे पानी वही आणली. आता 'आजारी होतात का' असं मी विचारत नाही. म्हणते, हात दाखवा. टोपली उचलताना दम लागतो का सांगा. पहिलं घर आमचं घेतलं. आईने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले.

"नीट बग. मंग लिव."

बघितलं. चिरा कुठे, किती, कधीपासून, सगळं लिहिलं. वर तिचं नाव लिहिलं. अजून ती मला मॅडमच म्हणते.

वही भरली की मी त्याच हॉलमध्ये जाणार आहे. बोलावलं नाही तरी जाणार. माइक दिला नाही तर ओरडून वाचणार. पहिलं नाव आईचं वाचणार, आणि ती माझी कोण ते आधी सांगणार. मग कुणी कितीही गोड आवाजात खाली बसा म्हणू दे, मी बसणार नाही.