समोरची वाक्यं

टोरांटोत मुलीकडे असताना शेजारचे उतारवयातले नट एका दुपारी कागद घेऊन आले. तीस वर्षं सिनेमा-मालिकांत कामं करूनही प्रत्येक भूमिकेसाठी त्यांना घरूनच चाचणीचा व्हिडिओ पाठवावा लागतो. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं होतं. मोबाइलमागे बसून मी माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीत खुन्याच्या धमक्या वाचू लागले. ते जिवाची भीक मागत होते आणि त्यांचे हात असे कापत होते, की वाचताना माझीच ओळ चुकली. पडद्यावर इतक्यांदा मेलेल्या माणसाला मरणाची एवढी कसली भीती?

मी मोबाइलवरचं चित्रीकरण बंद केलं.

"खरं वाटलं ना?" त्यांनी विचारलं. "आठवडाभरात फोन आला नाही, तर काय ते समजायचं."

त्यांचे हात अजून कापतच होते.